लक्ष्मी, लक्ष्मीबाई, लक्ष्मव्वा, लक्ष्मम्मा : सोलापुरात ह्या नावाचे अर्थ तरी किती?

काउंटर_तीन

पतसंस्थेच्या काउंटरवर बसते, त्यामुळे दिवसभर माणसांपेक्षा त्यांची नावंच जास्त भेटतात. आमच्याकडे बायकांच्या नावांत लक्ष्मीचा नंबर पहिला. दुसरा कुणाचा, सुमनचा की पद्माचा, ह्यावर शाखेत वाद आहेत. पहिल्यावर नाहीत.

परवा एक आजी मुदत संपलेली ठेव घ्यायला आल्या. विडी कामगार. अंगठ्याच्या नखाची कड तंबाखूनं काळी पडलेली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून पुढं ठेवला. पासबुकावर 'लक्ष्मीबाई', आधारवर नुसतं 'लक्ष्मी', कारखान्याच्या कार्डावर 'लक्ष्मम्मा', रेशनकार्डावर 'लक्ष्मव्वा'. त्यात आधारवरच्या इंग्रजी नावात एक्स आणि पासबुकात केएसएच. सही तेलुगूत, आणि ती मात्र सगळीकडे तंतोतंत सारखी. आमचं सॉफ्टवेअर म्हणतं ह्या चार वेगळ्या बायका. आजी म्हणाल्या, "मीच की ओ सगळ्या."

तेव्हापासून डोक्यात हेच. लक्ष्मी म्हणजे धनाची देवी एवढंच आपण सांगतो, पण बोलण्यात हे नाव कुठं कुठं येतं बघा : केरसुणी लक्ष्मी, सून लक्ष्मी, गाय लक्ष्मी, हातातली नोट लक्ष्मी, आपल्या गावात तर मिलसुद्धा लक्ष्मी. ज्याला जे ठाऊक असेल ते लिहा. कागदपत्रांचा काही उपाय माहीत असेल तर तोही सांगा, आजींचं काम अडलंय.

शेंगाचटणी

पैला नंबर माझा!

लक्ष्मी पेठ, लक्ष्मी मंडई, लक्ष्मी-विष्णू मिल आणि दिवाळीत लक्ष्मी तोटे. देवीचं चित्र छापलेला तो कागद सकाळी रस्त्याभर पडलेला असतो, आमची आजी झाडून गोळा करायची आणि वर शिव्या द्यायची. आणि 'लक्ष्मीदर्शन' विसरू नका बे. फाईल हलत नसली की शेजारच्या टेबलावरचा हळूच विचारतो, "लक्ष्मीदर्शन झालं का?" निवडणुकीच्या आदल्या रात्री तर देवी स्वतः गल्लोगल्ली फिरते, पाकिटातनं.

पूर्वभाग

काउंटर_तीन, आजी आमच्यापैकी, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्यांपैकी दिसतात. त्यांच्या कागदांचं कोडं सोपं आहे. बाईच्या नावाला मान द्यायचा तर तेलुगूत मागं 'अम्मा' लागतं, कन्नडमध्ये 'अव्वा', मराठीत 'बाई'. कारखान्यातला मुनीम तेलुगू बोलणारा, त्यानं लक्ष्मम्मा लिहिलं. रेशनवाला कन्नड बोलणारा असणार. तुमच्या पतसंस्थेतल्या जुन्या कारकुनानं लक्ष्मीबाई केलं. आजींनी आयुष्यात नाव बदललं नाही, लिहून घेणाऱ्यांनी आपापल्या भाषेत मान दिला आणि आता त्या मानाचा त्रास होतोय.

आणखी एक घोळ सांगतो. आमच्यात घराण्याचं नाव आधी येतं, माणसाचं नंतर. इथल्या फॉर्मवर आधी नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. भरणाऱ्यानं लक्ष दिलं नाही तर आडनावाच्या रकान्यात लक्ष्मी जाऊन बसते. माझ्या एका मावशीचं आडनाव गॅसच्या कार्डावर वर्षानुवर्षं 'लक्ष्मी' होतं.

शिवाय आमच्याकडं हे नाव एकटं कमी येतं. विजयालक्ष्मी, भाग्यलक्ष्मी, नागलक्ष्मी, राज्यलक्ष्मी, वरलक्ष्मी. घरात हाक मारायची वेळ आली की सगळ्या लक्ष्मीच. दत्त नगरात जिन्याखाली उभं राहून "लक्ष्मी" म्हणून ओरडा, प्रत्येक मजल्यावरून एक डोकं बाहेर येईल.

आणि वरलक्ष्मीचा शुक्रवार! श्रावण पौर्णिमेच्या आधीचा शुक्रवार. कलशावर नारळ, नारळाला हळद लावून डोळे-नाक काढायचे किंवा चांदीचा मुखवटा बसवायचा, कलशाला साडी नेसवायची. पूजा झाली की नऊ गाठींचा पिवळा दोरा उजव्या मनगटाला. त्याच सुमाराला नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे आमच्या तेलुगू वस्तीत, तो आठवडाच वेगळा असतो. पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खायला या कधी.

भोंगा_पहाटेचा

मिलचा विषय निघाला म्हणून. नव्या पोरांना वाटतं लक्ष्मी-विष्णू ही एकच मिल होती. तसं नाही. आधी लक्ष्मी मिल आली, एकोणिसावं शतक संपता संपता. विष्णू मिल विसाव्या शतकातली. पुढं दोन्ही एक झाल्या. म्हणजे इथं बायको थोरली आणि नवरा धाकटा. १८७७ ची जुनी मिल ह्या दोघांच्याही आधीची, तिचं नाव मात्र कायम 'जुनी'च राहिलं, देवाबिवाचं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही.

आमचे वडील साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर होते. घरात 'मिल' हा शब्द फारसा यायचाच नाही. "अण्णा कुठं?" "लक्ष्मीत गेले." सोयरीक बघताना मुलीचा बाप विचारायचा, पोरगा कायम आहे का बदली? उत्तर 'लक्ष्मीत कायम' असलं की पुढचं बोलणं सोपं. भोंगा झाला की चाळीतल्या बायका चुलीवरचा तवा उतरवायच्या, कारण पाळी सुटली म्हणजे पंधरा मिनिटांत माणूस दारात.

नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, तेव्हा 'लक्ष्मी गेली' हे वाक्य चाळीत जसं म्हटलं जायचं तसं मी परत कुठं ऐकलं नाही. कुणी ते म्हणून हसायचं, कुणी रडायचं. ग्रॅच्युइटीसाठी लोक किती वर्षं फिरले ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

शेंगाचटणी

भोंगाकाका, वेगळा धागा काढाच. वाट बघतो.

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

'धनाची देवी' हा अर्थ बराच उशिराचा. मुळात लक्ष्मी म्हणजे खूण. लक्षण, लक्ष, लक्ष्मण ही सगळी त्याच घरातली मंडळी. ऋग्वेदात (१०.७१.२) वाणीत भद्र लक्ष्मी ठेवलेली असते असं म्हटलंय, तिथं पैशाचा संबंध नाही, ओळख पटवणारी शुभ खूण एवढाच भाव. अथर्ववेदात (७.११५) तर अजून गंमत आहे. माणूस जन्मतो तेव्हा त्याच्या शरीराबरोबर एकशे एक लक्ष्म्या जन्मतात म्हणे. त्यातल्या काही पुण्या, काही पापी. पुण्या असतील त्या राहोत, पापी असतील त्या मी घालवल्या, असं ते सूक्त म्हणतं. 'पापी लक्ष्मी' हा शब्दप्रयोग आज ऐकला तर कानाला कसासाच लागतो ना? पण तेव्हा लक्ष्मी चांगलीही असे आणि वाईटही.

श्रीसूक्तात वाईटाला वेगळं नाव मिळालं, अलक्ष्मी. "क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्." भूक, तहान आणि मळ ही तिची रूपं, आणि ती ज्येष्ठा, म्हणजे थोरली बहीण. मराठीत हीच अक्काबाई. 'अक्काबाईचा फेरा' आपण म्हणतो ना, तो हिचाच. गाढवावर बसते, ध्वजावर कावळा, हातात केरसुणी.

अवांतर : कालिदासानं शाकुंतलात चंद्रावरच्या डागाला 'लक्ष्म' म्हटलंय, आणि त्या डागामुळंच चंद्राची 'लक्ष्मी' वाढते म्हटलंय. इथं लक्ष्मी म्हणजे शोभा. वर्गात हे शिकवताना मागच्या बाकावरच्या लक्ष्मीला पोरं चिडवायची, म्हणून मी तो श्लोक घाईनं उरकायचो.

अक्कलकोट_रोड

मास्तर, मग केरसुणी नक्की कुणाची? अक्काबाईच्या हातातली, का लक्ष्मी स्वतः? आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला शिंदीच्या पानांची नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू लावतात आणि मगच ती वापरायला काढतात. तिला पाय लागला तर नमस्कार करायचा, उभी ठेवायची नाही आणि दिवेलागणीला केर काढायचा नाही. आई म्हणते लक्ष्मी बाहेर जाते.

निवृत्त_मास्तर

दोघींचीही. मळ जिच्या हातात, मळ काढायचं साधनही तिच्याच हातात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप बडवून अलक्ष्मीला हाकलायची रीत आहे, आणि त्याच रात्री केरसुणी पुजायची. ह्यात विसंगती शोधू नये असं माझं मत. केरसुण्या बांधणारे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातले लोक. ज्यांच्या हातची लक्ष्मी देवघरात चालायची त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, ही विसंगती मात्र जरूर शोधावी.

माणकाठ

+१, शेवटच्या वाक्याला.

तुम्ही सगळे शहरातले, म्हणून लक्ष्मीआई कुणाला आठवली नाही. आमच्या भागात वेशीबाहेर, बहुतेक लिंबाखाली, शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे बिनमूर्तीचा दगड असतो, ती लक्ष्मीआई. हिला ना कमळ ना हत्ती. विष्णूचा तर पत्ताच नाही. मरीआई, लक्ष्मीआई ह्या एकमेकींच्या शेजारच्या. पटकी आली की ह्यांचा कोप, आणि मग देवीचा गाडा ओढत शिवेपार नेऊन सोडायचा, पुढच्या गावानं तो त्याच्या पुढं. जिल्ह्यात तिच्या नावानं गावं आहेत : मंगळवेढ्याकडं लक्ष्मी दहिवडी, पंढरपूरला लागून लक्ष्मी टाकळी. पंढरपुरातच दिंडीरवनात लखुबाई आहे. रुक्मिणी रुसून आली ती जागा ही. लखुबाई म्हणजे लक्ष्मीबाईच, फक्त भाकरी थापणाऱ्या तोंडात शिरून आलेली.

आणि कडकलक्ष्मी! पोतराज म्हणजे कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरू आणि वाढवलेले केस. मागं बाई, डोक्यावर देव्हारा आणि गळ्यात ढोलकं. त्या ढोलक्यावर काठी घासली की गुबूगुबू असा खोल आवाज येतो, तो तीन गल्ल्यांवरून कळतो. मग आसूड हवेत फिरतो आणि सट्ट वाजतो. लहानपणी वाटायचं दंडावरच बसला. खरं तर वाजतो तो शेवटचा पीळ, हवेत. पण काही जणांच्या दंडावर वळ असायचेच.

पोटासाठी आणि नवसापायी पोरांना देवीला सोडायचे, म्हणून आंबेडकरी चळवळीनं ह्या प्रथेला विरोध केला, कित्येकांनी केस कापले. ते चांगलंच झालं. तरी कडकलक्ष्मी भाषेत राहिली. रागीट बाई दारात उभी राहिली की "आली कडकलक्ष्मी" म्हणतातच.

शास्त्राधार

एक विनंती. सगळी सरमिसळ करू नये. लक्ष्मी ही समुद्रमंथनातून आलेली विष्णुपत्नी. गावाबाहेरच्या रोगराईच्या देव्यांना लोकांनी मागाहून तिचं नाव दिलं. नाव सारखं म्हणून देवता सारखी होत नाही.

माणकाठ

मागाहून कुणी कुणाला दिलं हे तुम्ही कसं ठरवलं? वरती मास्तरांनी पापी लक्ष्मी लिहिलीय ती समुद्रमंथनाच्या आधीची की नंतरची?

पंचगंगेकाठी

आमच्या कोल्हापुरात ह्यावर आजही वाद चालतो, म्हणून दोन ओळी. देवी अंबाबाई की महालक्ष्मी? देवीमाहात्म्यात मधल्या चरित्राची देवता महालक्ष्मी आहे आणि त्या चरित्रात ती महिषासुराला मारते. ती कुणाची पत्नी म्हणून येत नाही, सगळ्या देवांच्या तेजातून निघते. कोल्हापूरच्या मूर्तीमागंही सिंह आहे. म्हणजे 'महालक्ष्मी' हे नाव घेऊन विष्णुपत्नीही उभी राहते आणि सिंहवाहिनीही. घरात आम्ही अंबाबाईच म्हणतो, पत्रिकेवर महालक्ष्मी छापतो. भांडायचं असेल त्यानं भांडावं.

अक्कलकोट_रोड

वेळ अमावस्या राहिली की! मार्गशीर्षातली अमावस्या. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, तिकडं लातूर-धाराशिवपर्यंत. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी करायची, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, आणि त्या मांडामांडीला आम्ही 'लक्ष्मी' म्हणतो. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. मडकं डोक्यावर घेऊन येणाऱ्यानं मागं बघायचं नाही. मग "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत शेताला फेरी, आंबील शिंपडत. ज्वारी तेव्हा कंबरेएवढी असते आणि हरभऱ्याला घाटे धरायला लागलेले असतात. इथं लक्ष्मी म्हणजे रान. आमच्या घरी कन्नडच बोलतात, पण हा शब्द दोन्ही भाषांत एकच. त्या दिवशी शहरात रिकामा रिक्षावाला मिळाला तर सांगा.

शिलालेख

इतिहासाची थोडी भर.

इटलीत पाँपेई शहर व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ. स. ७९ मध्ये गाडलं गेलं. तिथं १९३८ मध्ये एक हस्तिदंती बाहुली सापडली, अंगभर दागिने, शेजारी दोन दासी. शोधणाऱ्यांनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि 'पाँपेईची लक्ष्मी' हेच नाव रूढ झालं. सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अभ्यासकांचा कल आता ती यक्षी असावी असाच आहे. सोलापूरकरांसाठी महत्त्वाचं हे की तिच्याशी जुळणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आपल्या शेजारच्या तेरला मिळाली, धाराशिव जिल्ह्यात. तेर तेव्हा रोमशी व्यापार करणारं गाव. तेरच्या संग्रहालयात जाऊन या, बार्शीकडून जवळ पडतं.

दुसरं, मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यांवर बसलेली लक्ष्मी आहे आणि दुसऱ्या बाजूला नागरीत त्याचं नाव. उत्तरेतल्या लोकांना ओळखीचं नाणं हवं होतं, त्यानं ते तसंच चालू ठेवलं. बाजारात चालते ती लक्ष्मी, इतका साधा हिशेब.

शेंगाचटणी

घोरीला जमलं ते आमच्या गल्लीतल्या मंडळांना कधी जमणार काय म्हाईत.

लक्ष्मी_स्वतः

आतापर्यंत लक्ष्मीविषयी सगळे बोलले, लक्ष्मी नावाची बाई कुणी बोलली नाही. म्हणून मी.

मी जन्माची लक्ष्मी नाही. माहेरचं नाव वेगळं, ते इथं सांगत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर 'लक्ष्मी' लिहिलं आणि मी लक्ष्मी झाले. का? तर सासऱ्यांच्या आईचं नाव तेच होतं, आणि नवऱ्याचं नाव नारायण. जोडा जमला पाहिजे ना.

झाशीची राणीही मूळची मणिकर्णिका. १८४२ मध्ये गंगाधररावांशी लग्न झालं आणि लक्ष्मीबाई झाली. लक्ष्मीबाई टिळक, त्या माहेरच्या मनकर्णिका गोखले. नवरा नारायण, म्हणून ह्या लक्ष्मी. दोघींचं माहेरचं नाव एक आणि सासरचंही एक, हे मला कुणीतरी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. आपल्याकडच्या किती लक्ष्म्यांच्या खाली एखादी मनू गाडलेली असेल?

आणि जन्मानं लक्ष्मी असलेली सांगायची तर डॉक्टर लक्ष्मी स्वामीनाथन, पुढच्या लक्ष्मी सेहगल. १९४३ मध्ये आझाद हिंद सेनेतल्या झाशीची राणी रेजिमेंटचं नेतृत्व त्यांच्याकडं आलं. म्हणजे लक्ष्मीच्या नावाच्या पलटणीला लक्ष्मीच कॅप्टन.

राहिला 'घरची लक्ष्मी'. पोरगी झाली की दवाखान्यात जो तो म्हणतो "लक्ष्मी आली". मुलगा झाला की असं काही म्हणावं लागत नाही, नुसते पेढे येतात. समजूत घालायच्या सुरात म्हटलेलं ते वाक्य आहे, ऐकणाऱ्या बाईला कळतं. सून म्हणून माप ओलांडलं, कुंकवाच्या पाण्यातून पावलं उमटवत आत आले, शेजारणी म्हणाल्या लक्ष्मी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम काय दिलं सांगू? केर.

काउंटर_तीन

लक्ष्मी_स्वतः, शेवटचा शब्द वाचून मोठ्यानं हसले आणि मॅनेजरनी बघितलं.

शास्त्राधार

नाव बदलण्यामागे नव्या घराशी एकरूप होण्याचा भाव असतो. प्रत्येक गोष्टीत अन्याय बघू नये.

लक्ष्मी_स्वतः

तुमचं नाव लग्नात काय झालं मग?

ज्वारीचं_कणीस

ह्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत मी सातबाऱ्याचं सांगतो.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं, त्यानंतरच्या वर्षांत 'लक्ष्मी मुक्ती' नावाचा कार्यक्रम आला. नवऱ्यानं स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. मांडणी अशी की शेतकऱ्याच्या घरातली लक्ष्मी रानात राबते, धारा काढते, निंदणी-खुरपणी करते, पण कागदावर तिचं काहीच नाही. आधी घरच्या लक्ष्मीचं देणं फेडा, मग सरकारकडं आपलं मागा. गावंच्या गावं ह्यात उतरली होती. पुढं १९९२ मध्ये शासनानंही परिपत्रक काढलं : नवऱ्यानं अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं. 'लक्ष्मी मुक्ती योजना' म्हणून विचारा.

मी माझ्या घरी हे केलं. अर्ज द्यायला गेलो तर समोरचे साहेब म्हणाले, "काय भांडण झालंय का घरात?" त्यांच्या डोक्यात बायकोचं नाव लागायचं दुसरं कारणच नव्हतं. नोंद झाली. उतारा घरी आणला तर बायकोनं चष्मा लावून आपलं नाव बोटानं वाचलं आणि म्हणाली, "लक्ष्मी लिहायला पाहिजे होतं, लक्ष्मीबाई लिहिलंय." म्हणजे काउंटर_तीन, तुमचा घोळ आमच्याकडंही आहे.

बॉण्डपेपर

कोर्टाबाहेर बसतो, रोजचंच काम आहे, म्हणून सरळ सांगतो.

ठेवीपुरतं काम असेल तर 'ह्या सगळ्या नावांची व्यक्ती मी एकच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या, सगळी नावं जशीच्या तशी, स्पेलिंगसकट लिहा. बऱ्याच ठिकाणी चालतं, पण संस्थेला आधी विचारा. कायमचं करायचं असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, ऑनलाइन अर्ज होतो. मग त्याच्या आधारे बाकीचे कागद.

आधार आधी बदलायची घाई करू नका. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं. लोक एक्सचं केएसएच करण्यात एक संधी घालवतात आणि मग 'बाई' जोडायला दुसरी. आधी ठरवा शेवटचं नाव कुठलं, आणि शक्य असेल तर आधारवर आहे तेच ठरवा, बाकीचं त्याच्याकडं आणा. विडी कामगारांचा पीएफ असतो, तिथं नाव चुकलं असेल तर कारखान्याबरोबरचं संयुक्त घोषणापत्र लागतं. कारखाना चालू आहे तोवर करून घ्या. बंद पडल्यावर सही कोण देणार?

आणि नवरा-बायको लक्ष्मण-लक्ष्मी असतील तर अक्षर नीट बघा. इंग्रजीत घाईनं टाइप केलेल्या अर्जात बायकोच्या जागी नवरा आलेला मी पाहिलाय, छायाचित्र बायकोचं.

काउंटर_तीन

बॉण्डपेपर, मनापासून आभार. पीएफचं मला ठाऊक नव्हतं, तो कागद ह्याच आठवड्यात लावायला सांगते. पतसंस्थेपुरतं प्रतिज्ञापत्र चालेल असं वरून कळलंय. आणि पूर्वभाग, आडनावाच्या रकान्यातली लक्ष्मी आमच्याकडं खरंच निघाली, दोन खाती सापडली.

शेंगाचटणी

चला, धाग्याचा फायदा झाला म्हणायचं. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि कुणी तोंड धुवायला गेलं नाही.

माझी एक शंका मास्तरांना. भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात, दोन. मुखवटे पितळी, खाली लोखंडी स्टँड, आतमध्ये डब्यात गहू-तांदूळ. आई आत आणताना विचारते "लक्ष्मी आली?" आणि आम्ही सगळे बोंबलतो "आली", "कशाच्या पावलानं?" "सोन्याच्या पावलानं". पुढ्यात त्यांची दोन पिल्लं. ह्या दोन महालक्ष्म्यांना ज्येष्ठा-कनिष्ठा म्हणतात. तुम्ही वर म्हटलं ज्येष्ठा म्हणजे अक्काबाई. मग आम्ही दरवर्षी अक्काबाईला सोन्याच्या पावलानं घरात घेतो का काय?

निवृत्त_मास्तर

भले शाब्बास. ह्या शंकेची मी वाट बघत होतो.

सरळ उत्तर पंचांगात आहे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पूजा ज्येष्ठेवर होते म्हणून ज्येष्ठागौरी, आणि मग जोडीला कनिष्ठा आली. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. दोघी बहिणी, एक थोरली एक धाकटी, दोघींना सारख्याच साड्या, सारख्याच सोळा भाज्या, सारखंच पुरण. थोरलीला वगळून धाकटीला जेवू घालत नाहीत. अथर्ववेदातल्या पुण्या आणि पापी एकाच शरीराबरोबर जन्मतात, त्यातलंच काहीतरी इथं मागं उरलं असावं असं मला वाटतं. पुरावा मागू नका, वाटतं एवढंच.

शास्त्राधार

ह्याला काही आधार नाही. नक्षत्राचं उत्तर पुरेसं आहे.

अक्कलकोट_रोड

आमच्या आजीला फोन करून विचारलं. म्हणाली, थोरलीच्या साडीचा काठ कधी बारीक घ्यायचा नसतो. धाकटीचा चालतो. का ते विचारलं तर म्हणाली, "थोरली रुसली तर तुझा आजोबा समजूत काढणार का?"

पूर्वभाग

हे आमच्याकडं पण आहे, पण काठाचं नाही, नथीचं. घरात विचारून लिहितो.